चवथीच्या तोंडावर गेलेलं साठ हजार लोखंड

एका ऑनलाइन खेळात मी कसा फसलो ते सांगायला लाज वाटते, कारण गोव्यातल्या डिचोलीत मी पोटासाठी हिशेबच लिहितो. पण ट्रॅव्हियन या खेळातल्या आमच्या अलायन्समध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, नवी पोरं येताहेत आणि मला आले होते तसेच निरोप त्यांनाही यायला लागलेत, म्हणून लिहितो.

ट्रॅव्हियन खेळणाऱ्याला लाकूड, माती, लोखंड, धान्य यांचं गणित ठाऊक असतं. पहिली तीन पडून राहिली तरी चालतं; धान्य मात्र सैन्य तासातासाला खातं. कोठार रिकामं झालं की सैनिक उपाशी मरतात. मी हौसेनं सैन्य वाढवत गेलो, शेतांकडे बघितलंच नाही. चवथीच्या आठवड्यात धान्य तासाला उणे सहाशेवर, आणि लोखंड गोदामात मावेना. बाजारात सगळेच लोखंड घेऊन बसलेले. धान्य सोडायला कोण तयार?

तेवढ्यात अलायन्समधल्याच एकाचा निरोप. ‘हांव फोंड्याचो. ऑफर लावू नको, भलताच कोणी उचलील. थेट पाठव, मीही थेट पाठवतो. कांय भियेनाका.’ आपल्याकडचा माणूस, झालं! पाच-पाच हजारांचे दोन व्यवहार केले. दोन्ही वेळा त्याचं धान्य माझ्या लोखंडाच्या आधी निघालं.

आता नीट वाचा. बाजारात ऑफर लावली तर समोरच्यानं ती स्वीकारल्यावरच दोन्हीकडचे व्यापारी एकदम निघतात. थेट पाठवलेला माल मात्र दान. परत काही येईलच असं खेळात कुठंही बांधलेलं नाही.

तिसरा सौदा साठ हजारांचा. खेळात माझी जमात ट्यूटन. ट्यूटनांचा व्यापारी हजाराचं ओझं उचलतो, पण तासाला नकाशावरचे बाराच चौकोन चालतो. माझे व्यापारी वीस, त्याचं गाव तीस चौकोनांवर. जायला अडीच तास, यायला अडीच. म्हणजे तीन फेऱ्या: रात्री दहा, पहाटे तीन, सकाळी आठ. तीनचा गजर लावून उठलो. आठची फेरी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात उभा राहून पाठवली. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात सुपारीचा घड, आणि बाईशी दहा रुपयांवरून घासाघीस चाललेली.

साडेदहाला शेवटचं लोखंड पोचलं. धान्य नाही. दुपारी निरोप: ‘माझ्यावर हल्ला झाला, सगळं लुटलं. आता सोनं घे, माझ्याकडे स्वस्तात व्हाउचर आहे.’ सोनं म्हणजे खऱ्या पैशांनी घ्यायचं खेळातलं चलन. ते असलं की एनपीसी व्यापारी, म्हणजे खेळानंच ठेवलेला व्यापारी, उरलेल्या लोखंडाचं एकास एक धान्य करून देतो, हे खरंच आहे. खोटं सांगणारा निम्मं खरं सांगतो ते असं. यूपीआयनं १८०० रुपये पाठवले. व्हाउचरचा कोड चालेना. ‘चूक झाली, पैसे परत घे, हा क्यूआर स्कॅन कर.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी माझ्या वडिलांना शिकवलंय! तरी सैन्य मरत होतं, घरात पाहुणे होते, पिन घातला. आणखी ४५०० गेले.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तो तिसऱ्या दिवशी, दीड दिवसाचा गणपती पोचवल्यावर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात, त्यामुळे हा फोन त्याच तासाला करायचा. तक्रार नोंदवली, व्यवहाराचा क्रमांक दिला, पैसे आले नाहीत. खेळाच्या व्यवस्थापकांकडे जायची सोय नव्हती. बाहेरून सोनं घेणं नियमाबाहेरचं, माझंच खातं बंद झालं असतं.

त्याचं गाव नकाशावर अजून आहे. नव्या पोरांना तो धान्य देतो म्हणे, पहिल्या दोन वेळा अगदी वेळेवर. बायकोला मी अजून अठराशेचंच सांगितलंय.