छातीचा हार्ट रेट स्ट्रॅप, दीड वर्ष वापरून: पन्नाशीनंतर पळणाऱ्यांनी घ्यावा का?

दीड वर्ष झालं, छातीला बांधायचा हार्ट रेट स्ट्रॅप (हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा) वापरतेय, आठवड्यातून चार-पाच वेळा, म्हणजे तीनशेच्या वर रन झाले असतील त्याच्यावर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे सांगणारे ते कुठल्याही धड स्ट्रॅपला लागू होतं.

माझं वय 57. एकोणीस वर्षं पळतेय, बहुतेक 10K आणि हाफ मॅरेथॉन. 52 पर्यंत टाइम टिकून होता, मग दरवर्षी थोडा थोडा घसरायला लागला आणि जो तो एकच सांगायचा, आता वय झालं, एन्जॉय करा. मला एन्जॉय करायचंच आहे हो, पण मला जोरात पळायला आवडतं, त्याचं काय करू?

आधी मनगटावरच्या घड्याळातला सेन्सर वापरायचे. अगदी निवांत रनला, बोलत बोलत पळताना, तो 172 दाखवायचा. मी घाबरायचे, मग दुर्लक्ष करायचे, मग परत घाबरायचे. असं वर्ष काढलं आणि एक दिवस सहज पावलं मोजली तर मिनिटाला 172! म्हणजे तो आकडा हृदयाचा नव्हताच, माझ्या पावलांचा होता. मनगटाचा सेन्सर हिरवा प्रकाश कातडीत टाकून रक्ताची ये-जा बघतो, आणि हात ज्या तालात हलतो तोच ताल कधीकधी ठोके समजून पकडून बसतो. याला कॅडेन्स लॉक म्हणतात. छातीचा स्ट्रॅप हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, ईसीजी काढतात तसे, म्हणून तो पावलांना फसत नाही. पहिल्याच दिवशी तोच रस्ता, तोच वेग, आणि आकडा 146. हायसं वाटलं, पण लगेच लक्षात आलं की निवांत रनला 146 पण जास्तच आहे.

पण जास्त म्हणजे कशाच्या मानाने? इथे दुसरी गडबड असते, ती नीट समजून घ्या, कारण स्ट्रॅप घेऊन झोन, म्हणजे कुठल्या रनला ठोके किती हवेत त्या हद्दी, चुकीचे लावले तर काही उपयोग नाही. अॅप आपलं 220 वजा वय करून मॅक्स, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, धरतं. माझा आला 163. 2001 साली आलेला दुसरा फॉर्म्युला आहे, 208 वजा वयाच्या 0.7 पट, त्याने 168 येतो. दोन्ही सरासरी आहेत, आणि एखाद्या माणसात त्यापेक्षा दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतात. मी आधी डॉक्टरांकडे जाऊन स्ट्रेस टेस्ट करून घेतली (आपल्या वयात हे वगळू नका, प्लीज), मग एका लांब चढावावर वीस मिनिटं वॉर्मअप करून तीन-तीन मिनिटांचे तीन चढ मारले, शेवटचा अगदी जीव खाऊन. वर पोचले तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून उभी होते आणि घड्याळावर 178. फॉर्म्युल्यापेक्षा तब्बल 15 ने जास्त! निवांत रनची हद्द मी मॅक्सच्या 75 टक्क्यांवर ठेवते, ती 163 वरून काढली असती तर 122 आली असती, तिथे मला चालावंच लागतं. 178 वरून आली 133. हे पळण्यासारखं आहे.

मग घड्याळावर 133 चा अलार्म लावला आणि खरी परीक्षा सुरू झाली. पूर्वी मी ज्याला निवांत म्हणायचे तो वेग होता किलोमीटरला 6:50, आणि 133 च्या आत राहायचं तर 8:05 ला उतरावं लागलं. माझ्या रस्त्यावर एक वळण आहे, तिथे जेमतेम जाणवेल एवढा चढ आहे, एरवी कधी लक्षात पण आला नव्हता, तिथे रोज न चुकता बीप वाजायचा आणि मी चालायला लागायचे. तीन आठवडे रोज तिथे चालले. मागून येणारे पुढे जायचे, ओळखीचे विचारायचे, बरं नाही का? फार जड गेलं, खोटं कशाला सांगू.

चौथ्या आठवड्यात इंटरव्हल्स (मधे थांबत थांबत जोरात मारायच्या धावा) होते, 800 मीटरचे पाच, आणि पाय असे हलके की दुसऱ्या रिपेटिशनला मीच चमकले. तेव्हा कळलं की वेग वयाने एकट्याने नेला नव्हता, निम्मा तर रोजच्या त्या मधल्या वेगाने खाल्ला होता, धड हळू नाही धड जोरात नाही. तिशीत ते खपतं कारण दुसऱ्या दिवशी पाय ताजे असतात. आता माझे पाय एका कडक वर्कआउटनंतर तीन दिवस मागतात, म्हणून मी आठवड्याचा हिशोबच सोडला, दर चौथ्या दिवशी एक कडक दिवस, मधले दिवस 133 च्या आत, मग सोमवार असो की रविवार.

वयाने मॅक्स हार्ट रेट उतरतो, तो कितीही ट्रेनिंग करा, थांबत नाही. जोरात आकुंचन पावणारे स्नायूतंतू पण आधी जातात, आणि बायकांना मेनोपॉजनंतर स्नायू टिकवणं आणखी अवघड होतं. पण स्नायूंचं बरंच आपल्या हातात आहे, वापरले तर टिकतात. मी आठवड्यातून दोनदा वजनं उचलते, पोटऱ्यांसाठी काफ रेझ (टाचा वर उचलायचा व्यायाम) तर सोडतच नाही, कारण वय झालेल्या रनरची घोट्यातून जमीन ढकलायची ताकद कमी होते आणि पाऊल आखूड होतं. निवांत रनच्या शेवटी वीस सेकंदांचे सहा स्ट्राइड्स, म्हणजे छोट्या जोरकस धावा. अमेरिकन मॅरेथॉनपटू जोन बेनॉइट सॅम्युएल्सनने 1979 ला बोस्टन मॅरेथॉन 2:35:15 ला जिंकली होती आणि 40 वर्षांनी, 61 व्या वर्षी तिथेच 3:04 धावली, म्हणजे चाळीस वर्षांत अर्ध्या तासापेक्षा कमी गेलं! मी त्या जातीची नाही, पण किती टिकवता येतं ते मला तिच्याकडे बघून कळतं.

माझे आकडे: 133 ला आता 7:20 चा वेग पडतो. 10K 1:02:30 वरून 58:40. पाच वर्षांनी परत साठच्या आत आले, त्या दिवशी फिनिशच्या पुढे जाऊन एकटीच रडले थोडी.

आता स्ट्रॅपच्या तक्रारी, त्या पण आहेत. पहिली म्हणजे घासतो. स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या बरोबर खाली बसतो आणि दीड तासाच्या वर रन गेला की छातीच्या मधोमध लाल रेघ उठते, आंघोळीचं पाणी पडलं की जी आग होते ती अनुभवलेल्यालाच कळेल. पट्टीच्या वर नाही, किंचित आत सरकवला आणि आधी व्हॅसलिन लावलं की निभावतं. दुसरं, कोरडा बांधला तर पहिली सात-आठ मिनिटं वाट्टेल ते आकडे, घाम आला की सुधारतो, म्हणून आतले दोन्ही पॅड ओले करूनच बांधा. कोरड्या हवेत सिंथेटिक टीशर्ट फडफडला की मधेच 200 च्या वर उडी मारतो, तेव्हा घाबरू नका, थांबा, ओला करा, परत बघा. पण ओला असून, थांबून पण आकडा वेडावाकडा आणि छातीत धडधड वाटत असेल तर ते स्ट्रॅपवर ढकलू नका, डॉक्टर गाठा. वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्यांमध्ये ठोक्यांची अनियमितता जास्त दिसते आणि हा स्ट्रॅप काही तपासणीचं मशीन नाही.

200 मीटरच्या छोट्या रिपेटिशन्सना याचा उपयोग शून्य, ठोके वर चढेपर्यंत रिपेटिशन संपलेली असते, तिथे स्टॉपवॉचच बरं. उन्हात त्याच वेगाला आठ-दहा ठोके जास्त येतात, ते मान्य करून हळू व्हायचं. आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके गोळीच दाबून ठेवते, मग वरचं सगळं गणित तुम्हाला लागू नाही, धाप आणि बोलता येतंय का त्यावर चाला.

वापरून झाल्यावर सेन्सरचं बटण पट्ट्यातून काढून ठेवा, ओल्या पट्ट्यावर राहिला तर चालूच राहतो आणि सेल संपतो, माझा पहिला सेल असाच दोन महिन्यांत गेला, नंतरचा वर्षभर पुरला. पट्टा साध्या पाण्यात हाताने धुवा. चौदाव्या महिन्यात इलॅस्टिक सैल पडलं, पळताना खाली घसरायला लागला, तेव्हा नुसता पट्टा बदलला, सेन्सर तोच आहे.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या लाल रेघेचा कापला. पुढच्या महिन्यात 58 पूर्ण होतील, तेव्हा त्याच चढावावर परत मॅक्स टेस्ट करणारे, 178 चा 176 झाला असेल तर अलार्म 132 वर आणायचा.