सिव्ह ६ची डीइटी पातळी: काही महिने लढून झाल्यावर

सिव्हिलायझेशन ६ (सिव्ह ६) हा आळीपाळीने चाली करत साम्राज्य उभारायचा संगणकावरचा खेळ आला २०१६ मध्ये. हा अनुभव मात्र २०१९च्या गॅदरिंग स्टॉर्म विस्तारासह, स्टँडर्ड गतीवर, सगळ्यात वरच्या डीइटी पातळीवर काही महिने खेळल्यानंतरचा आहे आणि फक्त लढाईपुरता आहे. धर्म, पर्यटन, अवकाशयान या वाटांबद्दल यात काही नाही.

डीइटीचा एआय (संगणक चालवतो तो प्रतिस्पर्धी) खालच्या पातळीवरच्या एआयपेक्षा जास्त हुशार नसतो, त्याला फक्त जास्त दिलेलं असतं. तुम्ही एक सेटलर (शहर वसवणारा) आणि एक वॉरियर (साधा पायदळ सैनिक) घेऊन सुरू करता, तो तीन सेटलर, पाच वॉरियर आणि दोन बिल्डर (जमिनीवर शेतं-खाणी उभारणारे) घेऊन. त्याचं प्रॉडक्शन आणि सोनं ८० टक्के जास्त, विज्ञान, संस्कृती आणि श्रद्धा ३२ टक्के जास्त, आणि प्रत्येक युनिटला (सैन्याच्या तुकडीला) लढाईत +४ स्ट्रेंथ, म्हणजे लढण्याची ताकद. म्हणजे त्याची ताकद संख्येत आणि वेगात आहे. सैन्य कुठे उभं करावं, जखमी युनिट कधी मागे घ्यावं, वेढा कसा घालावा, यात तो सगळ्या पातळ्यांवर सारखाच कच्चा राहतो. म्हणून डीइटीवरची सगळी लढाई एकाच गोष्टीवर उभी आहे: त्याला आपल्या निवडलेल्या जमिनीवर येऊ द्यायचं, तिथे त्याची संख्या संपवायची आणि मगच पुढे जायचं.

हे का चालतं ते आकड्यांतून कळतं. प्रत्येक युनिटचे १०० हिट पॉइंट असतात. दोघांची स्ट्रेंथ सारखी असेल तर एका घावाचं सरासरी नुकसान ३०, दैवाप्रमाणे २४ ते ३६. फरक वाढला की नुकसान सरळ रेषेत वाढत नाही, चक्रवाढीने वाढतं. १७चा फरक म्हणजे जवळपास दुप्पट नुकसान, ३०चा फरक म्हणजे जवळपास एका घावात खेळ खलास. एआयच्या +४मुळे मोकळ्या मैदानात तो ३५चं नुकसान करतो आणि आपण २६चं. हा तोटा जमिनीतून भरून निघतो. टेकडीचे +३, जंगलाचे +३, आणि दोन्ही एकाच टाइलवर (नकाशाच्या षट्कोनी घरावर) असतील तर दोन्ही मिळतात. दोन टर्न (चाली) फोर्टिफाय केलं, म्हणजे जागेवर बचाव धरून बसलं, की आणखी +६. असा २०चा वॉरियर ३२चा होतो. समोरच्या २४च्या वॉरियरने हल्ला केला तर त्यालाच सरासरी ४१ लागतात आणि आपल्याला २२. शिवाय दर १० हिट पॉइंट गेले की स्ट्रेंथ १ने घटते, त्यामुळे त्याचा दुसरा हल्ला आणखी लंगडा पडतो.

पहिल्या ५० टर्नमध्ये शेजाऱ्याचा हल्ला येईल हे गृहीत धरूनच खेळावं. सैन्य कमी दिसलं की तो येतो. भेट झाली त्याच टर्नला २५ सोनं देऊन डेलिगेशन (शिष्टमंडळ) पाठवावं, तेव्हा ते सहसा स्वीकारलं जातं. पुढे मैत्रीची घोषणा झाली तर ३० टर्न त्या बाजूने युद्ध येत नाही. ज्याच्याशी मैत्री जमत नाही, त्याच्या दिशेला सैन्य ठेवायचं.

सैन्य म्हणजे धनुर्धारीच. संस्कृतीतून क्राफ्ट्समनशिप मिळालं की आगोगे धोरण लावा, आर्चर (धनुर्धारी) बनवताना प्रॉडक्शन ५० टक्के जास्त मिळतं. सोनं असेल तर त्याहून चांगला मार्ग: आधी ३५ प्रॉडक्शनचे स्लिंगर (गोफणवाले) बनवायचे आणि आपल्या हद्दीत आणून सोनं देऊन आर्चर करायचे. स्लिंगरने एक युनिट मारलं तर आर्चरीच्या संशोधनाला बूस्टही मिळतो. आर्चरची नेमबाजी २५ची. २४च्या वॉरियरवर सपाट जमिनीवर पहिला बाण ३१, दुसरा ३५, तिसरा ४०च्या आसपास, म्हणजे तीन आर्चर एका टर्नमध्ये एक वॉरियर संपवतात. स्पिअरमनला (भालेवाल्याला) चार लागतात. म्हणून तीनपेक्षा चार बरे, आणि सगळ्यांनी एकाच लक्ष्यावर मारायचं. चार शत्रूंना एकेक बाण मारणं ही या पातळीवरची सगळ्यात महागडी सवय आहे. अर्धा जखमी शत्रू मागे जाऊन बरा होतो, मेलेला परत येत नाही.

मांडणी साधी असते. टेकडीवर किंवा जंगलात दोन वॉरियर फोर्टिफाय करून, त्यांच्या मागच्या टाइलवर आर्चर, पुढे शक्यतो नदी, कारण नदी ओलांडून हल्ला करणाऱ्याची स्ट्रेंथ घटते. बिघडतं ते बहुतेक वेळा आर्चर पुढे गेल्यामुळे. हातघाईत त्याची स्ट्रेंथ फक्त १५. वॉरियरचा पहिला घाव ४३चा, दुसरा ५०चा, आणि दैव फिरलं तर दोनातच तो जातो. दुसरी चूक म्हणजे प्रमोशन (लढून मिळणारी बढती) मिळताच घेणं. प्रमोशन घेतल्यावर ५० हिट पॉइंट भरून येतात, पण त्या टर्नची हालचाल जाते. ते राखून ठेवा आणि युनिट ४०-५०वर आलं की घ्या. एरवी बरं व्हायला शहरात टर्नला २०, आपल्या हद्दीत १५, तटस्थ जमिनीवर १० आणि शत्रूच्या हद्दीत फक्त ५ मिळतात. आपल्या जमिनीवर लढण्याचा खरा फायदा इथे आहे.

सीमेवरच्या शहराला तट हवाच. तटाशिवाय शहर बाण मारत नाही. एआय वेढ्याची यंत्रं पुरेशी आणत नाही, आणली तरी त्यांच्यापुढे ढाल उभी करत नाही, त्यामुळे साधा तटही त्याला फार वेळ अडवतो. संस्कृतीतलं डिफेन्सिव्ह टॅक्टिक्स झालं की लिमेस धोरण लावून तट निम्म्या वेळात उभा होतो.

त्याचे सात-आठ युनिट पडले की उलट हल्ल्याची वेळ. तो लगेच नवे बनवतो, ८० टक्के जास्त प्रॉडक्शन आहे त्याच्याकडे, म्हणून इथे रेंगाळू नये. पहिल्या शहरासाठी लागतं: चार आर्चर, दोन-तीन स्वोर्ड्समन (तलवारवाले), एक बॅटरिंग रॅम (तट फोडायचा ओंडका). प्रत्येक स्वोर्ड्समनला २० लोखंड लागतं आणि सुरुवातीला साठा ५०च्या वर जात नाही, म्हणजे एकदम दोनच बनतात. खाण आधीच चालू असायला हवी, युद्ध पुकारल्यावर नाही. रॅमशिवाय तलवारवाले तटाला जेमतेम १५ टक्के नुकसान करतात. रॅम शहराला लागून उभा राहिला की मात्र पूर्ण घाव बसतो, आणि शेजारून हल्ला करणाऱ्या प्रत्येक तलवारवाल्या आणि भालेवाल्याला त्याचा फायदा मिळतो. रॅम फक्त पहिल्या पायरीच्या तटावर चालतो. मध्ययुगीन तट दिसला तर सीज टॉवर (तटावर चढायचा फिरता मनोरा) आणा.

वेढा पुरा घातला नाही तर शहर दर टर्नला २० भरून काढतं. यासाठी सहाही टाइल भरायची गरज नाही. हातघाईचं युनिट आपल्या शेजारच्या टाइलवर दबाव ठेवतं, म्हणून समोरासमोर दोन युनिट सहा टाइल झाकतात. नदी मध्ये आली की दबाव पलीकडे पोहोचत नाही, तिथे तिसरं लागतं. आर्चर आणि कॅटापल्ट हा दबाव टाकत नाहीत. वेढा घालूनही शहर का भरून निघतंय, याचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं. बंदराचं शहर असेल तर एक जहाजही लागतं. वेढ्यातल्या जखमींसाठी शत्रूची शेतं लुटावीत, एका शेतामागे ५० हिट पॉइंट मिळतात.

शहर घेतलं आणि काही टर्नांत बंड करून गेलं, हा डीइटीवरचा नेहमीचा घात. नऊ टाइलच्या आतल्या लोकसंख्येचा दबाव लॉयल्टीवर (शहराच्या निष्ठेवर) पडतो आणि एआयची शहरं मोठी असतात. शहरावर गव्हर्नर नेमला की लॉयल्टीला त्याचे +८ मिळतात, पण व्हिक्टर या गव्हर्नरला स्थिर व्हायला तीन टर्न लागतात, बाकीच्यांना पाच. म्हणून व्हिक्टर आधीच नेमलेला असावा आणि दुसरं जवळचं शहर लगेच घ्यावं. दोन शहरं एकमेकांना धरून ठेवतात, एकटं टिकत नाही.

आपल्याकडच्या खेळाडूंना भारताचा नेता म्हणून चंद्रगुप्त घेऊन खेळायला आवडेल, आणि लढाईसाठी तो खरोखर चांगला आहे. संस्कृतीतलं मिलिटरी ट्रेनिंग झाल्यावर टेरिटोरियल एक्सपान्शनचं (हद्द वाढवण्याचं) युद्ध पुकारलं की पहिल्या दहा टर्नांत प्रत्येक युनिटला +२ हालचाल आणि +५ स्ट्रेंथ मिळते. भारताचा हत्ती, वरू, ४० स्ट्रेंथचा असतो आणि शेजारच्या शत्रूची स्ट्रेंथ ५ने कमी करतो. डीइटीचे +४ एकट्या वरूने पुसले जातात. आघाडीच्या मध्यभागी एक वरू आणि मागे चार आर्चर ठेवले की शेजारच्या दोन राजधान्यांपर्यंत जाता येतं. फक्त समोर स्पिअरमन किती आहेत ते बघूनच, कारण घोडदळावर त्यांना +१० मिळतात आणि हत्ती त्यात मोजला जातो.

यानंतरच्या संधी ठरलेल्या आहेत: क्रॉसबो, मग बॉम्बार्ड (जुनी तोफ), मग टेहळणीच्या बलूनसह आर्टिलरी (नवी तोफ). बलूनमुळे आर्टिलरीचा पल्ला तीन टाइल होतो, म्हणजे शहराच्या दोन टाइलच्या माऱ्याबाहेरून तट पाडता येतो. पण शत्रूला स्टीलचं तंत्रज्ञान मिळालं की त्याच्या सगळ्या शहरांना आपोआप तट येतो आणि रॅम-टॉवर निकामी होतात. त्याआधी जेवढं घ्यायचं तेवढं घ्या. बॉम्बर आल्यावर चुरस उरत नाही, कारण एआय विमानविरोधी सैन्य फार कमी ठेवतो. तो भाग या काही महिन्यांत सगळ्यात कमी आवडला.

दुसरी अडचण वेळेची. मोठ्या नकाशावर शेवटच्या कालखंडात एआयच्या चाली संपायची वाट पाहणं कंटाळवाणं होतं. सेटिंगमध्ये क्विक कॉम्बॅट आणि क्विक मूव्हमेंट चालू ठेवा. सराव करायचा तर स्मॉल नकाशा, पँजिया (सगळी जमीन एकाच खंडात), सहा खेळाडू घ्या. शेजारी जमिनीवरूनच येतो आणि टेकडीवरच्या त्या दोन वॉरियरांची पहिली परीक्षा लवकर होते.