पिकअपचा अ‍ॅव्हरेज: चिप बसवावी की टायर बदलावेत?

ओतूर-नारायणगाव पट्ट्यात पिकअप चालवणाऱ्याच्या हातात हंगामानंतर वीस-तीस हजार मोकळे झाले, की अ‍ॅव्हरेजसाठी दोन गोष्टी डोक्यात येतात. एक तर इंजिनाला चिप बसवायची, नाहीतर घासलेले नायलॉन टायर काढून चारही रेडियल टायर टाकायचे. दोन्हींचा खर्च जवळपास सारख्याच टप्प्यात येतो आणि दोन्ही विकणारे फरक पडेल असंच सांगतात. मी दोन्ही वापरून पाहिलंय. माझी गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, १ एप्रिल २०२० नंतरची आहे. माल बहुतेक टोमॅटोचा, रस्ता माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, शिळफाटा आणि वाशी मार्केट. माझं मत या रस्त्यावर बनलेलं आहे. तुमचा रस्ता वेगळा असेल तर ते थोडं वळवून घ्यावं लागेल, त्याबद्दल पुढे सांगतोच.

आधी पैशांचा अंदाज घेऊ. महिन्याला ४,००० किमी धावणारी गाडी लिटरला १२ किमी देत असेल, तर तिला साधारण ३३३ लिटर डिझेल लागतं. तीच १३ देऊ लागली तर ३०८. म्हणजे पंचवीस लिटरचा फरक, नव्वदीच्या भावाने महिन्याला सव्वादोन हजार. लिटरमागच्या एका किलोमीटरला एवढी किंमत आहे, म्हणून हा निर्णय घाईत घेऊ नये असं मला वाटतं.

चिपबद्दल आधी चांगलं ते सांगतो, कारण ते खरं आहे. चिप दोन प्रकारची, ट्यूनिंग बॉक्स आणि रीमॅप. ट्यूनिंग बॉक्स हा इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब (रेल प्रेशर) मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो. ईसीएम मग दाब वाढवतो आणि इंजेक्टरमधून डिझेल जास्त पडतं. रीमॅपमध्ये हेच काम थेट ईसीएमचं प्रोग्रामिंग बदलून होतं. परिणाम पहिल्याच दिवशी जाणवतो. भरलेली गाडी मढच्या पुढे जिथे तिसरा मागायची, तिथे चौथ्यात ओढते. कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये गाडी चालली तर डिझेल इंजिन खरोखर कमी पितं, त्यामुळे चिपने अ‍ॅव्हरेज वाढतो हे म्हणणं खोटं नाही. मात्र त्यासाठी पाय हलका ठेवावा लागतो. माझ्या गाडीवर मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून बसतो. माझ्या हाती अ‍ॅव्हरेज किंचित वाढलेला दिसला, भावाच्या हाती होता तेवढाच राहिला. ताकद हाताशी असली की ती वापरली जाते. तरुण ड्रायव्हर ठेवला असेल तर हे आधीच हिशेबात धरा.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी चिप ठेवलीही असती. माझा निर्णय झाला तो डॅशबोर्डवरच्या डीपीएफच्या दिव्यामुळे, आणि त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण चिप विकणारे याबद्दल फार बोलत नाहीत.

बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे काजळी पकडणारी जाळी. ती भरत आली की ईसीएम स्वतःहून जादा डिझेल सोडून धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि आतली काजळी जाळून टाकतो. याला रीजनरेशन म्हणतात. ते पूर्ण व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालत राहावी लागते. आता चिपमुळे डिझेल जास्त पडतं, म्हणजे जोरात दाबलं की काजळीही जास्त. जाळी लवकर भरते, रीजनरेशन वारंवार होतं आणि प्रत्येक वेळी जे डिझेल जळतं त्याने गाडी एक फूटही पुढे जात नाही.

आमच्या रस्त्यावर याची गाठ नेमकी वाईट जागी पडते. घाट उतरून मुरबाड सोडेपर्यंत गाडी मोकळी पळते, रीजनरेशन सुरू होतं, आणि कल्याण आलं की सगळं थांबतं. कल्याण-शीळ रस्त्यावर रात्रीसुद्धा पहिला-दुसरा गिअर सोडता येत नाही. रीजनरेशन अर्धवट राहतं, दिवा तसाच. परतीला पुन्हा तोच प्रकार. एकदा तर दिवा लुकलुकायला लागला आणि शिळफाट्याच्या अलीकडे गाडीने ओढ सोडली, मागे भरलेली कॅरेट, पुढे मार्केटची वेळ. बाजार चढा असताना तासाभराने पोचणं म्हणजे काय, हे ज्याने माल विकलाय त्याला सांगायला नको. वर्कशॉपमध्ये गाडी उभी करून जाळी साफ करावी लागली, त्यात इंजिन चढ्या आरपीएमवर बराच वेळ चालू ठेवतात, ते डिझेल वेगळं. आणि ऑइल मोजायची डिपस्टिक काढली तर ऑइल भरल्यापेक्षा वर आलेलं. अर्धवट रीजनरेशनचं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला काय करतं, तो खर्च मी पुढे येऊ दिला नाही. बॉक्स काढला, दिवा हळूहळू दिसेनासा झाला.

तुमची गाडी नाशिक-धुळे मोकळ्या हायवेवर पळत असेल तर हा त्रास तुम्हाला कदाचित होणारही नाही. बीएस-४ ची जुनी गाडी असेल तर बऱ्याच गाड्यांत ही जाळीच नसते. पण बीएस-६ गाडीचा डीपीएफ कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध जाणारी गोष्ट आहे, आणि वॉरंटीच्या काळात इंजिनाचा काही दावा उरत नाही.

आता टायर. नायलॉनच्या बाजूनेही बोलायला हवं, आमच्याकडचे निम्मे पिकअपवाले उगाच नायलॉन टाकत नाहीत. शेतातल्या बांधावरून, खडकाळ वाटेने माल भरायला जावं लागतं. नायलॉनची कड जाड असते, कट गेला तर गेटर (आतून लावायचा टायरचा तुकडा) टाकून पुढे चालतं, रिमोल्डही होतो, म्हणजे झिजल्यावर वर नवं रबर चढवता येतं. रेडियलच्या कडेला खोल कट गेला की तो टायर संपला. ओव्हरलोड भरायची सवय असेल तरी नायलॉन जास्त सोसतो.

पण अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत मला शंका उरलेली नाही. नायलॉनमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांवर आडवे असतात, त्यामुळे कड दबली की तळही चुरगळतो आणि प्रत्येक फेऱ्याला टायर आतून तापतो. रेडियलमध्ये धागे सरळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात, वर पोलादी पट्टा असतो, कड लवचिक राहते आणि तळ रस्त्यावर सपाट बसतो. वाशीला उतरल्यावर टायरला हात लावून बघायची मला सवय आहे. नायलॉन असताना हात फार वेळ ठेवता यायचा नाही, रेडियलवर ठेवता येतो. ती उष्णता टाकीतल्या डिझेलमधूनच आलेली असते. रेडियल टाकल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायलाही हलकी लागते, हे तर पंपावरच्या पोरालासुद्धा कळलं. टाकी फुल टू टाकी फुल धरून माझा अ‍ॅव्हरेज चिपपेक्षा टायरने जास्त वाढला, आणि भावाच्या हातीही वाढला. हे मला जास्त मोलाचं वाटतं. ड्रायव्हर कोण आहे, याने टायरला फरक पडत नाही.

रेडियलचं एक पथ्य मात्र आहे, हवा. कमी हवेचा रेडियल वरून फारसा दबलेला दिसत नाही, पण ओढतो आणि कडेला झिजतो. सकाळी गाडी गार असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे, भरलेल्या मागच्या चाकांचा आकडा वेगळा धरून हवा भरा. घाट उतरून आल्यावर टायर गरम असताना दाब वाढलेला दिसतो, तो काढू नका. अलाइनमेंट बिघडलं असेल तर पुढच्या टायरवरून हात फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागतं. अशा टायरवर कितीही पैसे घाला, डिझेल जाणारच. आणि एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन असं कधी टाकू नका.

आता रस्त्याचा प्रश्न. तुमचा माल घाट चढतो की उतरतो? आमचे टोमॅटो घाट उतरून जातात आणि गाडी रिकामी चढते. चिपची ताकद आम्हाला जिथे लागायला हवी तिथे मागे वजनच नसतं. रत्नागिरीहून मासे किंवा आंबा भरून आंबा घाटाने कोल्हापूरला चढणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. त्याचं वजन चढावर आहे, आणि चढावर टायरपेक्षा इंजिनाची ओढ मोठी ठरते. तो चिपचा विचार करत असेल तर मी त्याला अडवणार नाही.

उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचतं असं अजून बरेच जण मानतात. कॉमन रेल, म्हणजे ईसीएमवर चालणाऱ्या आताच्या डिझेल गाडीत गिअर टाकून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलं तर इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं लागतंच, शिवाय माळशेजसारख्या उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. वेगाचंही तसंच. पिकअपला ८० चं स्पीड लॉक असतंच, पण ६० वरून ८० वर गेलं की हवेचा विरोध पावणेदोन पटीच्या वर जातो, कॅरेट केबिनच्या वर रचलेली असली की आणखीच. ताडपत्री घट्ट बांधली नसेल तर ती रस्ताभर फडफडत डिझेल खाते. हे सगळं फुकट आहे, म्हणून आधी करून बघा. डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्या आणि नायट्रोजन हवा यांचा मला काही फरक दिसला नाही.

चिप बसवायचीच असेल तर वॉरंटी संपू द्या, आणि काढता येणारा बॉक्सच घ्या, रीमॅप नको. बसवायच्या आधी एकाच पंपावर, त्याच नोझलने, सारख्या मालावर टाकी फुल टू टाकी फुल नोंद लिहून ठेवा. डिपस्टिकवर ऑइलची खूण करून ठेवा. ती खूण वर सरकू लागली तर अ‍ॅव्हरेज काहीही दाखवत असला तरी बॉक्स काढा.