चाकांचा वॉकर घेऊन परदेश प्रवास, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिने झाले रोलेटर वापरतेय, म्हणजे चार चाकं, हँडब्रेक आणि बसायला सीट असलेला वॉकर. त्यात दोन परदेश प्रवास झाले, म्हणून आता सविस्तर लिहिते. आधी माझा त्रास सांगते कारण निवड सगळी त्यावरच ठरली. मला स्पायनल स्टेनोसिस आहे, कंबरेच्या मणक्यात नसांची जागा अरुंद झालीये. दहा मिनिटं सरळ चाललं की पाय जड होतात, मुंग्या येतात, आणि थोडं बसलं किंवा पुढे वाकलं की परत चालता येतं. म्हणजे मला चालता येतं, सलग चालता येत नाही.

हे नीट लक्षात यायलाच मला वेळ लागला. आधी काठी घेतली होती, तिने तोल सांभाळला जायचा पण बसायचं कुठे? मग ते उंच हँडलचे वॉकर बघितले, ज्यात कोपरं टेकवून ताठ चालता येतं. जाहिरातीत फार छान दिसतात, पण फिजिओकडे ट्रायल घेतली तर पाय उलट लवकर भरून आले, कारण स्टेनोसिसमध्ये पाठ ताठ झाली की नसा जास्त दबतात आणि किंचित पुढे झुकलं की मोकळ्या होतात. साध्या रोलेटरवर ते झुकणं आपोआप मिळतं. गुडघ्याचा किंवा दम लागण्याचा त्रास असेल तर तुमचं गणित वेगळं असेल, आणि ज्यांचा तोल मागे जातो त्यांनी तर फिजिओला विचारल्याशिवाय रोलेटर घेऊच नये, तो पुढे पळतो.

इलेक्ट्रिक फोल्डिंग व्हीलचेअरचाही खूप विचार केला. त्यात बॅटरी बघावी लागते, काढता येणारी लिथियम बॅटरी विमानात न्यायची तर एक असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत, आणि काढलेली बॅटरी केबिनमध्ये आपल्याजवळच ठेवायची. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की आकडा कळतो, २४ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे २४०, चालते. पण एअरलाइनची परवानगी आधी घ्यावीच लागते. माझं अडलं ते वजनावर, पंचवीस किलोची खुर्ची प्रत्येक टॅक्सीत उचलणार कोण? माझा रोलेटर सात किलोचा आहे, तो मी स्वतः उचलू शकते.

हँडलची उंची उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे ठेवा. मी सुरुवातीला उंच ठेवली होती, खांदे आठवडाभर दुखले. फोल्ड बाजूने होणाराच घ्या, म्हणजे अरुंद दारातून अर्धवट मिटवून नेता येतो, जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये आणि हॉटेलच्या बाथरूममध्ये याचा इतका उपयोग झाला की काय सांगू. आणि बसण्याआधी दोन्ही ब्रेक खाली दाबून लॉक करायचे, प्रत्येक वेळी, सपाट जमीन असली तरी. त्या सीटवर बसवून कुणाला ढकलायचं मात्र नाही, ती त्यासाठी नसते, ढकलायची सोय हवी असेल तर व्हीलचेअर होणारं टू-इन-वन मॉडेल वेगळं मिळतं.

माझी खरी तक्रार चाकांची आहे. पुढची चाकं आठ इंची आहेत, गुळगुळीत फरशीवर उत्तम, पण दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर फटीत अडकतात आणि सगळा हादरा मनगटात येतो. एका संध्याकाळी तर दोनशे मीटरला अर्धा तास लागला आणि मी रडकुंडीला आले होते. आता घेतला असता तर दहा इंची मऊ टायरचा घेतला असता, एखादा किलो वजन वाढलं तरी चालेल.

एअरपोर्टवर मात्र रोलेटर असला तरी व्हीलचेअर असिस्टन्स घ्याच, संकोच करू नका. प्रवासाच्या किमान ४८ तास आधी कळवायचं आणि किती मदत लागेल ते सांगणारा एअरलाइनचा कोड नीट विचारायचा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या जमतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. मी पहिल्यांदा डब्ल्यूसीएचआर सांगितलं आणि बस विमानापाशी थांबली तेव्हा समोर उंच जिना. पायऱ्या मला जमतात पण रांगेत उभं राहणं जमत नाही, त्यामुळे चढून वर पोचेपर्यंत पाय लटपटत होते. तेव्हापासून मी डब्ल्यूसीएचएसच सांगते.

त्याच प्रवासात कनेक्टिंग फ्लाइटला, विमानात चढताना सामानात दिलेला रोलेटर विमानाच्या दारात मिळालाच नाही, तो थेट शेवटच्या मुक्कामाला गेला होता. नवऱ्याच्या दंडाला धरून कशीबशी गेटपर्यंत गेले. दुसऱ्या वेळी चेक-इनला सांगितलं, गेटवर परत सांगितलं, आणि टॅगवर विमानाच्या दाराशी द्यायचं लिहिलंय का ते स्वतः वाचून बघितलं, तेव्हा दोन्हीकडे दारात मिळाला. देण्याआधी बास्केट काढून हातात घ्या आणि फोटो काढून ठेवा, माझ्या ब्रेकची वायर एकदा वाकून आली होती तेव्हा दाखवायला तोच फोटो कामी आला.