समलिंगी-ट्रान्स ओळख, वेगळी कुटुंबं आणि चिडवाचिडवी: मुलांसाठी कोणतं पुस्तक घ्यावं?

या विषयावरचं पुस्तक निवडताना पालक आणि शिक्षक आधी वय बघतात, मग पुस्तकाला मिळालेले पुरस्कार. वय बघायलाच हवं. पण विकत घेण्याआधी पुस्तकातली एक जागा स्वतः वाचा. मूल आपल्याबद्दल काहीतरी सांगतं किंवा त्याला कुणीतरी चिडवतं, त्यानंतर त्याच्या भोवतालची मोठी माणसं काय करतात? वाचणारं मूल आपल्या घरात काय होईल, याचा अंदाज त्यावरूनच बांधतं. खालची तुलना मुख्यतः याच एका कसोटीवर केली आहे.

घाईत असाल तर आमची निवड अशी: चार ते सात वयासाठी ‘ज्युलियन इज अ मरमेड’, आठ ते अकरासाठी ‘मेलिसा’, आणि तेराच्या पुढे ‘हार्टस्टॉपर’चे पहिले दोन भाग एकत्र. तिन्ही इंग्रजीत आहेत. मराठीचं काय, ते पुढे येईलच.

दोन आया, दोन बाबा

लहान मुलांसाठी सर्वांत जास्त गाजलेलं पुस्तक म्हणजे ‘अँड टँगो मेक्स थ्री’ (२००५). न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातले रॉय आणि सायलो हे दोन नर पेंग्विन घरटं करतात आणि अंड्यासारखा दगड उबवत बसतात. ते पाहून तिथला कर्मचारी त्यांना खरं अंडं आणून देतो. त्यातून निघते ती टँगो. मोठ्या माणसाने न विचारता मदत करण्याचं इतकं साधं उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. गोष्ट खरी असल्यामुळे ‘हे कसं शक्य आहे?’ या आजी-आजोबांच्या प्रश्नालाही उत्तर तयार असतं. मात्र मुलं विचारतात, ‘ते अजून एकत्र राहतात का?’ ते पुढे वेगळे झाले आणि सायलोने एका मादीबरोबर जोडी केली. हे लपवू नका. टँगोला दोघांनी वाढवलं, हे त्यामुळे खोटं ठरत नाही.

‘हेदर हॅज टू मॉमीज’ १९८९चं आहे. घेताना आवृत्ती नक्की पाहा. मूळ पुस्तकात गर्भधारणा कशी झाली याचं वर्णन होतं, शिवाय इतर मुलं बाबांबद्दल बोलायला लागल्यावर हेदर रडते असा प्रसंग होता. २०१५च्या नव्या चित्रांच्या आवृत्तीत ही दोन्ही नाहीत. वर्गातली मुलं आपापल्या कुटुंबाची चित्रं काढतात, प्रत्येक चित्र वेगळं निघतं, एवढंच राहतं. एकट्या आईबरोबर किंवा आजीकडे वाढणाऱ्या मुलालाही त्या वर्गात जागा आहे, म्हणून बालवाडीसाठी हीच आवृत्ती घ्यावी. परदेशातल्या जुन्या वाचनालयांत मात्र पहिली आवृत्ती अजून हाती लागू शकते.

‘अंकल बॉबीज वेडिंग’ची गंमत अशी की त्यात दोन पुरुषांच्या लग्नाबद्दल कुणाचीच तक्रार नसते. क्लोईला भीती एकच: लग्नानंतर लाडका काका आपल्याला वेळ देईल का? हा प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही पुतणीला किंवा भाचीला कळेल. पहिल्या आवृत्तीत (२००८) पात्रं गिनीपिग होती, २०२०च्या आवृत्तीत माणसं आहेत. माणसांचीच घ्या. ‘आपल्याकडे असं लग्न होतं का?’ असं मुलाने विचारलं तर सरळ सांगा: भारतात दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी एकत्र राहणं गुन्हा नाही, पण त्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात ती दिली नाही.

भारतीय पुस्तक हवं असेल तर शाल्स महाजन यांचं ‘रेवा अँड प्रिशा’ पाहा. जुळ्या बहिणी आणि त्यांच्या दोन आया. नुकतंच स्वतःचं स्वतः वाचायला लागलेल्या मुलांसाठी ते आहे.

अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी एक गोष्ट: अशा पुस्तकांच्या वाचनातून आपल्या मुलाला वगळण्याचा पालकांचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या खटल्यात मान्य केला. ‘अंकल बॉबीज वेडिंग’ त्याच वादातलं एक पुस्तक. तेव्हा शाळेत वाचून होईल या भरवशावर राहू नका, घरात एक प्रत ठेवा.

फ्रॉक, शेपटी आणि ‘बायल्या’

‘ज्युलियन इज अ मरमेड’ (२०१८) पहिल्या क्रमांकावर का, हे एका पानावरून कळतं. ट्रेनमध्ये जलपऱ्यांसारख्या सजलेल्या बायका पाहून ज्युलियन घरी येतो. आजी आंघोळीला गेलेली असते. तो खिडकीचा पडदा काढून कमरेला बांधतो, त्याची शेपटी होते. कुंडीतल्या झाडाची पानं डोक्यात खोचतो, ओठांना लिपस्टिक लावतो. आजी टॉवेल गुंडाळून बाहेर येते, त्याच्याकडे बघते आणि वळून निघून जाते. पान उलटेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. मग ती परत येते आणि त्याच्या हातात मण्यांची माळ ठेवते.

वाचून दाखवताना त्या पानावर थांबा आणि ‘आता आजी काय करेल?’ एवढंच विचारा. मूल जे उत्तर देईल, त्यावरून त्याला घरच्या मोठ्यांकडून काय अपेक्षित आहे ते तुम्हाला समजेल. उत्तर ‘मारेल’ असं आलं तर रागावू नका, चुकीचं म्हणून खोडूही नका, पान उलटा. पुस्तकात मजकूर अगदी थोडा असल्यामुळे चित्रं दाखवत सगळी गोष्ट मराठीत सांगता येते.

कनक शशी यांचं ‘गुठली हॅज विंग्ज’ (तूलिका) आपल्या घरांच्या जास्त जवळचं आहे. घरचे गुठलीला मुलगा म्हणतात, ती म्हणते मी मुलगी आहे. सणाच्या दिवशी ती बहिणीचा फ्रॉक घालते आणि घर बिथरतं. गुठली मिटून जाते, आणि शेवटी आईच तिला फ्रॉक देते. ज्युलियनच्या आजीला एक पान लागतं, गुठलीच्या आईला वेळ लागतो. ज्या घरात आधीच आरडाओरडा होऊन गेला आहे, तिथे गुठलीच जास्त खरी वाटेल, कारण चुकलेलं मोठं माणूस परत येऊ शकतं हे त्यात दिसतं. मराठीत सांगताना गुठलीसाठी पहिल्या वाक्यापासून ‘ती’ धरा. मध्येच बदललंत तर लहान मुलाचा गोंधळ होतो.

रिचा झा यांचं ‘द अनबॉय बॉय’ (२०१३) वेगळ्या कामाचं आहे. गगन हळुवार स्वभावाचा, किड्यामुंग्यांवर जीव लावणारा मुलगा. त्याला सगळे ‘मुलगी’ म्हणून चिडवतात. तो समलिंगी आहे किंवा ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेला) आहे असं पुस्तक कुठेही म्हणत नाही, आणि शाळेच्या दृष्टीने हेच त्याचं बळ आहे. ‘बायल्या’ ही हाक ज्याला मारली जाते, त्याची ओळख काय हे कुणालाच माहीत नसतं, खुद्द त्यालाही नसतं. चिडवणं थांबवण्यासाठी ते माहीत असण्याची गरजही नाही. कुठल्याही मंडळाच्या, कुठल्याही संस्थेच्या शाळेत हे पुस्तक वाचायला सहसा अडचण येऊ नये. एक उणीव मात्र आहे. गगनला मान मिळतो तो शिबिरातल्या एका रात्री इतरांपेक्षा धीट ठरल्यावर. वाचून झाल्यावर शिक्षकाने एक वाक्य आपल्या पदरचं घालावं: तो धीट ठरला नसता तरी त्याला चिडवणं चूकच होतं.

आठ ते अकरा

या वयात निवड फार अवघड नाही. ‘मेलिसा’ २०१५मध्ये ‘जॉर्ज’ नावाने आलं आणि २०२२पासून नव्या नावाने छापलं जातं. पुस्तक एकच आहे, दोन्ही मागवू नका. जुनं नाव नायिकेला नको असलेलं नाव आहे, म्हणून नवीच प्रत घ्यावी. चौथीतल्या मेलिसाला सगळे मुलगा समजतात. तिला शाळेच्या नाटकात शार्लट या जाळं विणणाऱ्या कोळिणीची भूमिका करायची असते, बाई नाही म्हणतात. आईला तिच्याकडे मुलींची मासिकं सापडतात तेव्हा आई ती काढून घेते. केली नावाची मैत्रीण मात्र नाटकाच्या एका खेळापुरती आपली भूमिका तिला देऊन टाकते. एक मोठं माणूस नाकारतं, दुसरं गडबडतं, मुख्याध्यापिका मात्र पाठीशी उभ्या राहतात. मोठ्यांचे इतके वेगवेगळे प्रतिसाद एकाच पुस्तकात असल्यामुळे बोलायला भरपूर मिळतं. मारामारीचा एक प्रसंग आहे. रोज एक प्रकरण या वेगाने वाचा आणि तो प्रसंग रात्री झोपण्याआधी येणार नाही असं बघा.

तेरा ते सतरा

इथे चूक महागात पडते. चार पुस्तकं एकाच यादीत असतात, पण ती एकमेकांना पर्याय नाहीत.

‘हार्टस्टॉपर’ चित्रकादंबरी आहे. चार्ली समलिंगी आहे हे शाळेत आधीच फुटलेलं असतं आणि त्याने त्रास भोगलेला असतो. गोष्ट सुरू होते ती त्यानंतर, निकशी मैत्री होते तिथून. पहिल्या भागात जबरदस्तीने चुंबन घेण्याचा एक प्रसंग आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी निक आईला सांगतो. ती त्याला जवळ घेते, सांगितल्याबद्दल आभार मानते, आणि आपल्यामुळे त्याला कधी बोलायला अवघड वाटलं असेल तर माफी मागते. पालकांनी निदान ती शेवटची पानं वाचावीत. दोन भाग एकत्र घ्या म्हणण्याचं कारण हेच: पहिल्यावर थांबलं तर हे पान हाती लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या भागात स्वतःला इजा करणं आणि न जेवण्याचा आजार येतो. ज्या मुलाचा जेवणाशी झगडा चालू आहे, त्याला ते भाग एकट्याने वाचायला देऊ नका.

‘सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा’ (२०१५) वाचावं ते ब्लॅकमेल कसं घडतं हे कळण्यासाठी. सायमनचे खाजगी ईमेल एका वर्गमित्राच्या हाती लागतात, तो स्क्रीनशॉट ठेवतो, आधी धमकावतो आणि मग सगळ्यांसमोर फोडतो. फोन हातात असलेल्या प्रत्येक मुलाने हे वाचण्यासारखं आहे, विशेषतः ज्यांनी कधी कुणाचा चॅट ग्रुपवर टाकला आहे त्यांनी. दुसऱ्याची ओळख सांगण्याचा हक्क फक्त त्याचा असतो, हे पुस्तक भाषण न देता पटवतं.

‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ (२०१४) भारतीय शाळेतलं आहे आणि लिहिलंय फार ताकदीनं. मुस्कानने जीव देण्याचा प्रयत्न केला आहे, अशी बातमी सुरुवातीलाच येते. मग तीन वर्गमित्र आळीपाळीने मागचे महिने सांगतात. मुस्कान स्वतः निवेदन करत नाही. म्हणूनच हे पुस्तक वर्गातल्या बाकीच्यांसाठी, बघ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी उत्तम आहे, पण सध्या स्वतः त्रासातून जात असलेल्या मुलासाठी नाही. आपल्यासारख्या मुलीचा आवाज पुस्तकात नाही आणि तिची वाट दवाखान्यात जाते, एवढंच त्याच्या मनात राहण्याचा धोका आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डिसेंबर २०१३च्या निकालाने पुन्हा लागू झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं. ६ सप्टेंबर २०१८पासून प्रौढांच्या संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. वाचल्यावर कुणी मूल स्वतःच्या मरणाबद्दल बोललं तर पुस्तक बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६वर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं.

पायल धर यांचं ‘स्लाइटली बर्न्ट’ (२०१४) कमी गाजलं, पण एका कामासाठी त्याला तोड नाही. जिवलग मित्र आपल्याबद्दल सांगतो आणि ऐकणारी कोमल गडबडून जाते, तिच्या बाजूने ही गोष्ट आहे. ‘माझ्या मित्राने मला सांगितलं, आता मी काय करू?’ असं विचारणाऱ्या मुलीला हे द्या.

मराठीत काय आहे

मुलांसाठी फार थोडं. जे हाताशी येतं ते मोठ्यांचं आहे. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (मौज, २००६) सुंदर कादंबरी आहे. पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघं पडतात, आणि घरात कुणीच काही बोलत नाही. सोळा-सतराच्या आधी नको. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ साहित्य म्हणून मोठं आहे, पण त्याचा शेवट आत्महत्येत होतो. आधारासाठी पुस्तक शोधणाऱ्या मुलाच्या हाती पहिलं पुस्तक म्हणून ते पडू नये. ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’मध्ये बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचे उल्लेख आहेत, तेव्हा ते मोठ्यांनी आधी वाचावं.

बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ समलिंगी मुलाच्या वाढण्याची गोष्ट आहे. मागवताना लेखकाचं नाव सांगाच. नुसतं ‘पार्टनर’ म्हटलंत तर दुकानदार व. पुं.ची कादंबरी बांधून देईल.

पुस्तक मुलाच्या हाती कसं जातं

ज्याच्याबद्दल तुम्हाला शंका येते अशा मुलाला बोलावून ‘हे तुझ्यासाठी’ म्हणून पुस्तक देऊ नका. ते त्याला उघडं पाडणंच आहे. वर्गाच्या कपाटात अशी किमान तीन-चार पुस्तकं इतर गोष्टींच्या पुस्तकांतच मिसळून ठेवा. वेगळा कप्पा केला की त्या कप्प्याजवळ कोण उभं राहतं याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. घेणाऱ्यांची नावं जर सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत लिहिली जात असतील, तर ही पुस्तकं नोंद न करता वाचनालयात बसून वाचू द्या. घरी ई-पुस्तक घेणार असाल तर एका खात्यावर घरचे सगळे फोन जोडलेले असू शकतात आणि मुखपृष्ठ सगळ्यांना दिसू शकतं, हे मुलाला आधी सांगा.

चिडवण्याची घटना झाल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी असं पुस्तक वर्गात मोठ्याने वाचू नका. सगळी डोकी त्याच एका बाकाकडे वळतात. आधी चिडवणाऱ्यांशी वेगळं बोला, ज्याला त्रास झाला त्याला काय हवं ते विचारा, आणि वाचन दोन-तीन आठवड्यांनी, इतर गोष्टींच्या ओघात घ्या. वाचून झाल्यावर ‘तुझं पण असंच आहे का?’ हा प्रश्न कुणालाच विचारायचा नाही. ‘यातल्या कोणत्या मोठ्या माणसाने बरं केलं?’ हे विचारा, आणि मुलं उत्तर देत असताना तुम्ही गप्प राहा.