टॅरोचा पहिला संच कोणता घ्यावा, आणि सोबत कोणतं पुस्तक?

भुसावळची भाची भाऊबीजेच्या ओवाळणीतून टॅरो, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात ते ७८ चित्रपत्ते, घेणार होती आणि तीन संचांत अडकली होती: मार्सेय, रायडर-वेट आणि थॉथ. तिन्ही माझ्याकडे आहेत. ती जळगावला आली तेव्हा मी तिन्हींतला एकच पत्ता काढून तिच्यासमोर ठेवला, पेल्यांची पंजी.

मार्सेयच्या पत्त्यावर नुसते पाच पेले, बदामाच्या पंजीवर पाच बदाम असतात तसे. अर्थ पाठ नसेल तर पत्ता मुका. थॉथवर रिकामे पेले, गळणारी कमळं आणि खाली निराशा या अर्थाचा इंग्रजी शब्द. रायडर-वेटवर काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा. पुढ्यात तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन शाबूत. भाची लगेच म्हणाली, "मावशी, याला मागचे दोन दिसतच नाहीयेत." तिला कुणी काही शिकवलं नव्हतं.

म्हणून पहिला संच रायडर-वेटच घ्यावा. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या संचाची कल्पना आर्थर वेट यांची. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. नावातून त्यांना वर्षानुवर्षं गाळलं गेलं, याचा मला अजून राग येतो, कारण ५६ लहान पत्त्यांवरही (पेल्यांच्या पंजीसारख्या, चार रंगांतल्या) प्रसंग रंगवले ते त्यांनीच. थॉथची चित्रं लेडी फ्रीडा हॅरिस यांनी अॅलिस्टर क्रोली यांच्यासाठी १९३८ ते १९४३ मध्ये काढली. फार सुंदर आहेत, पण कबाला (ज्यू गूढविद्या) आणि ज्योतिष कळल्याशिवाय उलगडत नाहीत. तो संच दोन वर्षांनी घ्या.

पुस्तक संचाला जुळणारंच हवं. रायडर-वेटमध्ये आठवा पत्ता बळाचा आणि अकरावा न्यायाचा. मार्सेयमध्ये नेमकं उलट. रेचल पोलॅक यांचं 'सेव्हंटी-एट डिग्रीज ऑफ विज्डम' रायडर-वेटच्या चित्रांना धरून चालतं. सावकाश वाचावं, पुन्हा वाचावं असं आहे.

पुस्तक पारखायची माझी एक खूण आहे. टॅरो इजिप्तच्या देवळांतून आला असं छातीठोक लिहिलं असेल, तर ते परत ठेवा. हा दावा १७८१ साली फ्रान्समध्ये कूर द जेबलँ यांनी केला, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती. पत्ते जन्मले पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, खेळण्यासाठी.

टॅरोवरून काहीजण पेगन साधनेकडे, म्हणजे निसर्गदेवतांच्या उपासनेकडेही वळतात. विका हा त्यातलाच एक पंथ. त्यासाठी स्कॉट कनिंगहॅम यांचं १९८८चं 'विका' सोपं आहे, घरी एकट्याने करता येईल असं. रोनाल्ड हटन यांचं 'द ट्रायम्फ ऑफ द मून' जाडजूड इतिहास आहे, पण विकाचा आजचा धर्म विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कसा घडला ते त्यातच नीट कळतं. दोन्ही घ्या, एकच परवडत असेल तर हटन.

कनिंगहॅमचं ऋतुचक्र मात्र जसंच्या तसं उचलू नका. तिकडे १ ऑगस्टला पहिल्या गव्हाचा सण असतो. आपल्याकडे तेव्हा कपाशी शेतात उभी असते. गहू फाल्गुनातच निघून गेलेला. त्या दिवसांत आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते, तिचे रोट होतात. त्या सणाशी नातं जोडायचं तर आपल्याकडे आधीच एक देवी आहे.

आणि पुस्तकातल्या 'विच' (विकाचे अनेक साधक स्वतःला हेच म्हणवतात) या शब्दाला गावात 'डाकीण' म्हणू नका. सातपुड्यात या एका शब्दावरून बायांना मारलं गेलं आहे. कुणाला तसं ठरवून छळणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भाचीला संच देण्याआधी मी हेच सांगितलं.