कार्ब क्लीनर स्प्रे: चिकटा जातो, पाणी जात नाही

आंबोली, महाबळेश्वरच्या पावसात कार्ब्युरेटरवाली बाईक चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, तेव्हा बहुतेक जण आधी कार्ब क्लीनरचा, म्हणजे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करायच्या स्प्रेचा डबा आणतात. डबा चांगलाच आहे. पायलट जेटमध्ये (कार्ब्युरेटरमधली मंद गतीला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) पेट्रोल वाळून बसलेला चिकटा दोन-तीन फवाऱ्यांत सुटतो. पण दुखणं पाण्याचं असेल तर हे औषध त्यावरचं नाही.

आपल्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. गारठा वाढला की ही ताकद कमी होते. मग पाणी इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून टाकीखालचा पेट्रोल कॉक (नळ) 'ऑन'वर असताना नीट चालणारी गाडी 'रिझर्व्ह'वर टाकताच आचके देते, कारण रिझर्व्हचं तोंड तळाशी असतं. पाणी बऱ्याचदा झाकणातून शिरतं. झाकणाभोवतालचं पाणी वाहून जायचं बारीक भोक चिखलानं बुजलेलं असतं, ते आधी मोकळं करा.

फवारण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्या, कॉक बंद करा, फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. दहा मिनिटं बाटली हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले की टाकी रिकामी करायचीच.

पेट्रोल स्वच्छ निघालं तर स्प्रे वापरा, पण कार्ब्युरेटर खोलून. एअर फिल्टरच्या बाजूने फवारलेलं पायलट जेटपर्यंत धड पोचत नाही. एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) काढण्याआधी तो पूर्ण आत घट्ट न करता हलकेच टेकवा, किती फेरे लागले ते लिहून ठेवा. ओ-रिंग (रबरी कडी), फ्लोट आणि बुलेट-पल्सरच्या काही कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलांत असलेला रबरी डायफ्रॅम (पातळ पडदा) बाजूला काढा, स्प्रेनं रबर फुगतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून उसळतो. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.

डब्यावर सहसा न लिहिलेली एक गोष्ट: स्प्रे झपाट्यानं उडतो, धातू गार पडतो आणि दमट हवेत त्यावर पांढुरकं दव धरतं. तसंच बसवलं तर काढायला निघालेलं पाणी आपणच आत घातलं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या नळीतही पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून आधी हवा मोकळी सोडा, मग जेटवर धरा. भोकातून उजेड स्वच्छ दिसला, दव उडालं, की जोडा.